दत्तक ससा घरी आल्यावर: ताटात गवत, नजर लेंड्यांवर

वाढदिवसाला भेट म्हणून आणलेला आणि तीन महिन्यांत नकोसा झालेला, सोसायटीच्या बागेत रात्री सोडून दिलेला, बंद पडलेल्या दुकानाच्या पिंजऱ्यात उरलेला किंवा प्रयोगशाळेतून निवृत्त झालेला. दत्तक मिळणारे ससे बहुतेक अशा चार वाटांनी येतात. येताना ते काही ना काही घेऊन येतात: कानातली खरूज, वाढलेल्या दाढा, पोळी-बिस्किटांनी बिघडलेलं पोट, जाळीच्या तळामुळे सोललेले मागचे तळवे आणि माणसाच्या हाताची भीती. यातलं बहुतेक सगळं दुरुस्त होतं. पण ससा हा शिकार होणारा प्राणी आहे, दुखणं शेवटपर्यंत लपवतो. ‘काल तर ठणठणीत होता, आज अचानक गेला’ असं सांगितलं जातं, तेव्हा बऱ्याचदा आदल्या दिवसापासून त्याच्या ट्रेमध्ये लेंड्या कमी पडलेल्या असतात. कुणी पाहिलेलं नसतं, एवढंच. ही पाहण्याची सवय पहिल्या दिवसापासून लागली, तर ससा वाचतो.

आणण्याआधी

ज्यांच्याकडून ससा घेणार त्यांना विचारून लिहून घ्या: अंदाजे वय, आजचं वजन, सध्या काय आणि किती खातो, नर की मादी आणि ते कुणी तपासलं, नसबंदी झाली का, इतर सशांबरोबर होता का, आधी कोणती औषधं दिली. त्याचं सध्याचं खाणं आठवडाभर पुरेल एवढं मागून घ्या. सोबत त्याच्या वापरलेल्या ट्रेमधलं मूठभर गवतही आणा. त्या वासामुळे नव्या घरात शी-शूची जागा त्याला लवकर कळते.

ससा ८ ते १२ वर्षं जगतो. घरात पाचवीतलं मूल असेल, तर ते कॉलेजात जाईल तेव्हाही हा ससा असणार आहे आणि त्याचं सगळं मोठ्यांनाच करायचं आहे. मुलांची हौस म्हणून आणू नका. घरातल्या एका मोठ्या माणसाला मनापासून हवा असेल, तरच आणा.

डॉक्टर आधी शोधा, ससा नंतर आणा. कुत्र्या-मांजरांवर उत्तम उपचार करणाऱ्या सगळ्याच डॉक्टरांना सशांचा अनुभव नसतो. फोनवर तीन गोष्टी विचारा. सशांची नसबंदी नेहमी करता का? शस्त्रक्रियेआधी उपाशी ठेवायचं का? दाढा तोंडात उपकरण घालून तपासता का? दुसऱ्या प्रश्नाचं बरोबर उत्तर ‘नाही’ असं आहे. सशाला उलटी होतच नाही, उलट उपाशी राहिल्याने आतडी थांबतात. ‘रात्रीपासून काही देऊ नका’ असं उत्तर आलं, तर दुसरा डॉक्टर पाहा. मुंबईत परळला १८८६ साली सुरू झालेलं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, नागपुरातही आहे. पुण्या-मुंबईत लहान प्राणी आणि पक्षी पाहणारे खासगी डॉक्टरही आहेत. तालुक्याच्या गावी असाल, तर जवळचा अनुभवी डॉक्टर किती तासांवर आहे आणि रात्री फोन उचलतो का, हे आधीच माहीत हवं.

एक गैरसमज इथेच दूर करू. आपल्या माळरानावर आणि शेतात दिसतो तो रानससा वेगळा प्राणी. वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे (१९७२) त्याला पकडता येत नाही, पाळताही येत नाही. घरात पाळतात तो ससा मूळचा स्पेन-पोर्तुगालकडच्या, जमिनीत बिळं करून कळपाने राहणाऱ्या सशाचा वंशज. पिढ्यानपिढ्या माणसाच्या हाताखाली वाढलेला हा पांढरा-करडा जीव आपल्या रानात सोडला, तर कुत्री, मुंगूस किंवा घार यांपैकी कुणाच्या तरी तोंडी लवकरच लागतो. ‘निसर्गात सोडलं’ म्हणणाऱ्यांनी त्याला मरायलाच सोडलेलं असतं. पाळलेला प्राणी भुकेला-तहानेला मरेल अशा अवस्थेत सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे.

जागा

पिंजरा नको. दुकानात मिळणाऱ्या दोन फुटी पिंजऱ्यात सशाला धड तीन उड्याही मारता येत नाहीत आणि तळाची जाळी मागच्या तळव्यांना जखमा करते. सशाच्या पायाला कुत्र्या-मांजरासारखी गादी नसते, फक्त केस असतात. त्याऐवजी आठ पट्ट्यांचं, तीन फूट उंचीचं घडीचं कुंपण घ्या आणि खोलीचा एक कोपरा अडवा. दोन सशांना निदान ३ मीटर × २ मीटर जागा असावी. एवढी अडवता येत नसेल, तर कुंपण लहान ठेवून रोज चार-पाच तास खोलीत मोकळं सोडा. पहाटे आणि संध्याकाळी सोडलंत तर उत्तम, कारण ससे त्याच वेळी जागे आणि खेळकर असतात.

खाली गुळगुळीत फरशी नको. पाय घसरून फाकतात आणि कंबरेला इजा होते. जुनी सुती सतरंजी किंवा चादर अंथरा. गोणपाट टाळा, त्याचे धागे नखांत अडकतात आणि पोटातही जातात. आडोशाला पुठ्ठ्याचं खोकं पुरतं, फक्त त्याला समोरासमोर दोन दारं कापा. एकच दार असेल, तर दुसरा ससा किंवा तुमचा हात आला की त्याला निसटायला वाट उरत नाही.

शी-शूसाठी पसरट प्लास्टिकचं घमेलं किंवा साधारण १६ × १२ इंचांचा कमी उंचीचा ट्रे घ्या. तळाला वर्तमानपत्राचे चार-पाच थर, त्यावर दोन-तीन इंच वाळलेलं गवत, आणि खायचं ताजं गवत ट्रेच्याच एका टोकाला. ससे खाता खाता लेंड्या टाकतात. खाणं आणि ट्रे जवळ असले की शिकवायला फार काही उरत नाही. मांजरांसाठी मिळणारी, ओली झाली की गोळा होणारी माती वापरू नका, पोटात गेली की तिथेही गोळा होते. ट्रे रोज बदला, डाग पांढऱ्या व्हिनेगरने पुसा. कुंपणाच्या आत फिनेल नको. मच्छर कॉइल, धूप आणि अगरबत्ती सशाच्या खोलीत लावू नका, त्याच्या श्वासनलिकेला धूर सोसत नाही. डासांसाठी कुंपणावर मच्छरदाणी टाका. पावसाळ्यात ती माशांपासूनही वाचवते, आणि ते का महत्त्वाचं आहे ते पुढे येईलच.

वायरी ही घरातली सर्वांत धोक्याची गोष्ट. सशाच्या डोळ्यांना ती बिळात आडवी आलेली मुळी दिसते आणि तो ती एका चाव्यात तोडतो. मोबाइलचे चार्जर वर उचला, उरलेल्या वायरी केसिंग पट्टीत किंवा कडक पीव्हीसी पाइपात घाला. मऊ नळी पुरत नाही, तीही कुरतडली जाते.

गॅलरीत किंवा गच्चीवर ठेवू नका. ऊन, उंदीर, मांजर, घार, कावळे, शेजारचे फटाके, सगळं तिथे पोचतं. कोपऱ्यात मांजर नुसतं दिसलं तरी घाबरून ससा खाणं सोडू शकतो.

पहिले तीन दिवस

ससा सकाळी आणा, भर उन्हात नाही. कडक प्लास्टिकच्या वाहक पेटीत खाली टॉवेल आणि मूठभर गवत घाला. दुचाकीवर मांडीवर धरून आणू नका. घरी आल्यावर पेटी कुंपणात ठेवा, दार उघडा आणि बाजूला व्हा. त्याला स्वतःहून बाहेर येऊ द्या, चार तास लागले तरी चालतील.

पहिले तीन दिवस पाहुणे नकोत, फोटो नकोत, मांडीवर घेणं नको. कुंपणाशेजारी जमिनीवर बसून पेपर वाचा, हलक्या आवाजात बोला. सशाला जवळजवळ सगळ्या बाजूंचं दिसतं, पण नेमकं नाकासमोरचं दिसत नाही. म्हणून तोंडापुढे हात आणला की तो दचकतो किंवा चावतो. हात बाजूने आणा, कपाळावर आणि कानांच्या मुळाशी फिरवा. लाल डोळ्यांचा पांढरा ससा मान डावी-उजवीकडे हलवत उभा राहिला, तर घाबरू नका. त्यांची नजर अधू असते आणि अंतराचा अंदाज घेण्यासाठी ते असं करतात. मान एका बाजूला वाकडी होऊन तशीच राहिली, तर मात्र तो आजार आहे, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

उचलणं शक्य तितकं टाळा. उचलावंच लागलं, तर एक हात छातीखाली, दुसरा मागच्या भागाखाली, आणि अंगाला टेकवून धरा. कान धरून कधीही उचलू नका. मागचे पाय आधाराशिवाय लटकले आणि त्याने जोरात झटका दिला, तर त्याचाच पाठीचा कणा मोडू शकतो. उताणा केला की शांत पडतो, त्याला लोक ‘लाड आवडतात’ म्हणतात. ती भीतीने आलेली गोठलेली अवस्था असते.

घरात आधीचा ससा असेल, तर नव्याला निदान १४ दिवस वेगळ्या खोलीत ठेवा. आधी जुन्याचं आवरा, मग नव्याचं, आणि मध्ये हात साबणाने धुवा. केस गेलेले गोल चट्टे दिसले, तर तो नायटा असू शकतो, आणि तो माणसांनाही होतो.

गवत: ऐंशी टक्के काम इथेच होतं

सशाचे सगळे २८ दात आयुष्यभर वाढत राहतात. पटाशीचे दात आठवड्याला साधारण दोन मिलिमीटर. ते झिजतात गवताच्या धाग्याने. कडक दाण्याने किंवा लाकडाने दाढा नीट झिजत नाहीत. आतड्यांची हालचालही त्याच धाग्यावर चालते. म्हणून रोजच्या खाण्यात ८० ते ८५ टक्के वाळलेलं गवत हवं, चोवीस तास समोर, त्याच्या अंगाएवढा ढीग. हे एवढं जमलं तर बाकीच्या चुका बऱ्याच पोटात जातात.

परदेशी टिमोथी गवत चांगलं, पण महाग. ओटचं वाळलेलं गवतही चालतं. आपल्याकडचं मारवेलसारखं बारीक, पानाचं गवत नीट वाळवलेलं असेल, तर उत्तम काम करतं. पावसाळा संपून गवत कापलं जातं, तेव्हा वर्षभराची बेगमी करता येते. घेताना मूठभर हातात घ्या: रंग हिरवट असावा, वास गोडसर असावा, झटकल्यावर धूळ उडू नये. काळे ठिपके किंवा कुबट वास म्हणजे बुरशी, ते फुकट मिळालं तरी आणू नका. कुसळी गवत अजिबात नको, त्याची कुसळं हिरड्यांत आणि डोळ्यांत रुततात. भाताचा पेंढा अंथरायला ठीक, मुख्य खाणं म्हणून निकृष्ट. वाळलेल्या लसूणघासात चुना आणि प्रथिनं जास्त असतात. तो सहा महिन्यांखालच्या पिलांना आणि दूध पाजणाऱ्या मादीला द्या, मोठ्या सशाला रोज दिला तर लघवीत चुन्याचा गाळ साचतो. साठवण कापडी किंवा तागाच्या पोत्यात, जमिनीपासून वर. जुलै-ऑगस्टमध्ये थोडंथोडंच आणा, ऊन पडलं की पसरून घ्या. गवताच्या पोत्यात डांबराच्या गोळ्या टाकू नका.

बरेच दत्तक ससे आधी फक्त दाण्याच्या गोळ्या, पोळी आणि गाजरावर वाढलेले असतात. त्यांना गवत म्हणजे काय तेच माहीत नसतं. बदल हळू करा. पहिले तीन-चार दिवस जुनंच खाणं आणि शेजारी हवं तेवढं गवत. त्यानंतर दर चार-पाच दिवसांनी जुनं खाणं पाव हिश्श्याने कमी करा. पोळी, पाव, भात, बिस्किट, चणे मात्र लगेच बंद. तिसऱ्या आठवड्यापर्यंत गोळ्या किलोमागे दिवसाला २० ते २५ ग्रॅमवर याव्यात, म्हणजे दोन किलोच्या सशाला ४० ते ५० ग्रॅम, स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजून. गोळ्या एकसारख्या असाव्यात. रंगीत तुकडे आणि बिया मिसळलेलं पाकीट घेऊ नका, ससा गोड तुकडे वेचून बाकीचं सोडतो. तो गवताला तोंड लावत नसेल, तर कोथिंबीर चुरून गवतावर चोळा, कागदी नळीत गवत कोंबून खेळायला द्या. तरीही खात नसेल, किंवा गवत तोंडात घेऊन टाकत असेल, हनुवटी ओली राहत असेल, तर दाढा दुखत आहेत असंच समजा.

हिरवा पाला सात दिवसांनी सुरू करा, एका वेळी एकच जात, तीन दिवस लेंड्या पाहून मग दुसरी. कोथिंबीर, पुदिना, तुळस, मुळ्याचा आणि गाजराचा पाला, फ्लॉवरची पानं, केना, जास्वंदीची आणि तुतीची पानं, हरळी हे सगळं चालतं. मेथी आणि पालक आठवड्यातून दोनदा पुरे. दोन किलोच्या सशाला दिवसाला दोन मुठी पाला होतो. पाला तीन पाण्यांनी धुवा, भाजीवर फवारणी असतेच. गणपतीत मिळणारी दुर्वांची जुडी चांगली, पण ती कुठून खुडली ते कळत नाही. रस्त्याकडेची, कुत्री फिरतात तिथली हरळी देऊ नका. कुंडीत लावली तर महिन्याभरात घरची मिळते. गाजर म्हणजे मिठाई: पातळ चकती, आठवड्यातून दोनदा. चघळायला पेरूची किंवा तुतीची कोवळी फांदी द्या.

कांदा, लसूण, बटाट्याची आणि टोमॅटोची पानं, अळू, कण्हेर, रुई, धोत्रा, एरंड, घाणेरी, सदाफुली, मनी प्लांट यांतलं काहीही सशाच्या तोंडाच्या टप्प्यात असू नये.

पाणी जड वाटीत द्या, मातीच्या किंवा स्टीलच्या. किलोमागे दिवसाला ५० ते १५० मिलिलिटर पाणी तो पितो, उन्हाळ्यात आणखी जास्त. बाटलीच्या नळीतून थेंबथेंब चाटून त्याची तहान नीट भागत नाही.

लेंड्या वाचायला शिका

मोठा ससा दिवसाला दोन-तीनशे लेंड्या टाकतो. मोजत बसायचं नाही. रोज ठरलेल्या वेळी ट्रे रिकामा करायचा आणि साधारण किती भरतो ते डोळ्यात ठेवायचं. चांगली लेंडी मोठ्या वाटाण्याएवढी, गोल, सुकी. बोटांत चुरली तर आत गवताचा भुसा दिसतो, वास जवळजवळ नसतो.

लेंड्या बारीक, काळ्या आणि कडक झाल्या म्हणजे तो कमी खातो किंवा कमी पाणी पितो. केसांच्या धाग्यात माळेसारख्या ओवलेल्या आल्या म्हणजे अंगाचे केस गळतीवर आहेत: रोज विंचरा, गवत वाढवा. द्राक्षांच्या घोसासारखी, चकचकीत, उग्र वासाची मऊ लेंडी ही घाण नव्हे. ती ससा थेट गुदाला तोंड लावून परत खातो, त्यातून त्याला जीवनसत्त्वं मिळतात. ती जमिनीवर चिकटून राहिलेली रोज दिसू लागली, तर बहुधा गोळ्या जास्त होत आहेत, नाहीतर वजन किंवा पाठदुखीमुळे त्याचं तोंड तिथवर पोचत नाही. पाण्यासारखी हगवण मात्र थेट धोका. पिलू असेल, तर त्याच तासाला निघा.

लघवी पिवळी, नारिंगी, कधी विटकरीही असते, ते पाल्यातल्या रंगद्रव्यांमुळे. सगळी एकसारखी विटकरी असेल, तर चिंता नको. फिकट लघवीत लाल गुठळी किंवा रेघ दिसली, तर ते रक्त.

आता सर्वांत महत्त्वाचं. १० ते १२ तास खाल्लं नाही किंवा लेंडी टाकली नाही, तर ते संकट आहे, ‘उद्या बघू’ चालत नाही. ससा पाठ कुबडी करून कोपऱ्यात बसतो, डोळे अर्धे मिटतो, दात करकरा वाजवतो, कान गार पडतात. खात्री करायची असेल, तर त्याची सर्वांत आवडती काडी, बहुधा कोथिंबीर, नाकाशी धरा. हुंगून तोंड फिरवलं, की निघायची तयारी करा. शेवटचं कधी खाल्लं, शेवटची लेंडी कधी, ते कागदावर लिहा. अंग गार वाटत असेल, तर गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून शेजारी ठेवा. सशाच्या अंगाचं तापमान ३८.५ ते ३९.५ अंश सेल्सियस असतं, ३८ च्या खाली जाणं वाईट. पोट ढोलासारखं ताठ असेल, तर जबरदस्तीने काही भरवू नका. आत अडथळा असेल, तर भरवलेलं जिवावर बेतेल. अडथळा नाही असं डॉक्टरांनी सांगितल्यावर खाण्याच्या गोळ्या कोमट पाण्यात भिजवून केलेली पातळ पेज सुई नसलेल्या सिरिंजने, पुढच्या दातांच्या बाजूच्या फटीतून, थोडीथोडी भरवतात. किती आणि किती वेळा, ते डॉक्टरच ठरवतील.

माणसांची औषधं नकोतच. कुत्र्याच्या गोळ्याही नकोत. तोंडाने दिलेलं अमॉक्सिसिलिन किंवा पेनिसिलिनच्या जातीचं औषध सशाच्या आतड्यातले उपयोगी जिवाणू मारतं आणि ससा दगावतो. पिसवांसाठी कुत्र्याच्या मानेवर सोडतात त्या फिप्रोनिलच्या थेंबांनीही ससे मेलेले आहेत. औषधाच्या चिठ्ठीवर ही नावं दिसली, तर डॉक्टरांना थांबवून विचारायला संकोच करू नका.

पहिली तपासणी आणि नसबंदी

तीन-चार दिवस स्थिरावू द्या, मग डॉक्टरकडे न्या. तपासून घ्यायचं ते असं: वजन, दाढा, कानांच्या आत, कातडी, नखं, मागचे तळवे, लेंडीची सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी, आणि नर की मादी. शेवटचं दुकानदार सर्रास चुकवतात. ‘दोन्ही माद्या आहेत’ म्हणून दिलेल्या जोडीला महिन्याभरात पिलं होतात. कानात तपकिरी, पापुद्र्यांची खपली दिसली, तर ती कानातली खरूज. खपली ओढून काढू नका, खाली कच्ची कातडी असते आणि भयंकर दुखतं. डॉक्टरांचं इंजेक्शन ठरलेल्या दिवसांनी पुन्हा घेतलं, की ती आपोआप गळते.

मादी दत्तक आली, तर ती गाभण आहे असंच धरून चाला. गर्भकाळ साधारण ३१ दिवसांचा, ३५ दिवस उलटले की मोकळा श्वास घ्या. ती तोंडात गवत गोळा करू लागली, छातीचे केस उपटू लागली, तर पिलं एक-दोन दिवसांवर आहेत, लगेच खोकं आणि मऊ गवत द्या. आई दिवसातून एकदा-दोनदाच, तेही पाच मिनिटं दूध पाजते. उरलेला वेळ ती पिलांजवळ फिरकत नाही, म्हणजे तिने टाकली असं नव्हे. पिलांची पोटं गोल टम्म दिसली, तर सगळं ठीक. ती व्याली त्याच दिवशी पुन्हा गाभण राहू शकते, म्हणून नर त्याआधीच वेगळा करा.

नसबंदी दोघांची करा. नराची केल्याने लघवीचे फवारे मारणं आणि मारामाऱ्या कमी होतात. मादीची करण्यामागचं कारण गंभीर आहे: नसबंदी न झालेल्या, वय वाढलेल्या माद्यांत गर्भाशयाचा कर्करोग फार मोठ्या प्रमाणात होतो. चार ते सहा महिन्यांच्या वयापासून करता येते. दत्तक ससा असेल, तर आधी वजन भरू द्या, खरूज जाऊ द्या. शस्त्रक्रियेच्या दिवशी त्याचं नेहमीचं खाणं डबाभर सोबत न्या, शुद्धीवर आला की तेच समोर ठेवायचं. वेदनाशामक औषधाशिवाय घरी आणू नका, दुखत असेल तर तो खात नाही, आणि खाल्लं नाही की पुढचं सगळं सुरू होतं. नराच्या शरीरात नसबंदीनंतरही सहा आठवड्यांपर्यंत बीज उरतं, तेवढे दिवस मादीपासून लांब.

उन्हाळा, पावसाळा, दिवाळी

सशाला घाम येत नाही, अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांतून सोडतो. ३० अंशांपुढे त्याला त्रास सुरू होतो, म्हणजे आपल्याकडे मार्चपासूनच. नुसत्या पंख्याने त्याचं भागत नाही. त्याला घरातल्या सर्वांत थंड खोलीत ठेवा. शहाबादी फरशीचा तुकडा पाण्यात भिजवून, पुसून कुंपणात ठेवा, तो त्यावर पोट टेकून पसरतो. पाण्याची बाटली गोठवून कापडात गुंडाळून शेजारी ठेवा आणि दुपारी बदला. विदर्भ-मराठवाड्यात कूलर आणि वाळ्याचे पडदे चांगले, कोकणात आणि मुंबईत दमटपणामुळे कूलरचा उपयोग होत नाही, तिथे कडक दुपारी एसी लागतोच. कान लाल आणि गरम, नाक ओलं, तोंड उघडून धाप: हा उष्माघात. कान साध्या पाण्याने ओले करा, सावलीत न्या, डॉक्टरकडे निघा. बर्फाच्या पाण्यात बुडवू नका, धक्क्याने जातो.

पावसाळ्यात शत्रू म्हणजे माशी. शेपटीखाली ओलं किंवा मळलेलं राहिलं, की माशी तिथे अंडी घालते, बारीक पांढऱ्या कण्यांसारखी. दिवसाच्या आत अळ्या होतात आणि त्या जिवंत मांस खातात. जूनपासून दसऱ्यापर्यंत दिवसातून दोनदा शेपटी उचलून पाहा. मळ दिसला तर तेवढाच भाग कोमट पाण्याने धुवा आणि पूर्ण सुकवा, अंघोळ घालू नका. अळ्या दिसल्या तर चिमट्याने दिसतील तेवढ्या काढत डॉक्टरकडे पळा. गुरांच्या जखमेत टाकतात ते टर्पेंटाइन सशाला लावू नका, कातडीतून विष भिनतं.

दिवाळीत आणि विसर्जनाच्या रात्री त्याला घराच्या आतल्या खोलीत ठेवा, खिडक्या लावून, जाड पडदे सोडून, खोक्यात भरपूर गवत घालून. मागचा पाय जमिनीवर आपटणं म्हणजे धोक्याची सूचना. त्याला उगाच जवळ घेऊन थोपटू नका, जवळ बसा. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलं काम: ट्रे पाहा.

दुसरा ससा

एकटा ससा कुढतो, आणि दत्तक देणाऱ्या संस्था जोडीच देऊ पाहतात ते योग्यच आहे. पण दोघांना एकदम एकत्र सोडलं, तर रक्त निघतं. दोघांची नसबंदी होऊन सहा आठवडे गेल्यावर, शेजारी शेजारी दोन कुंपणं लावा, मध्ये चार-पाच इंच अंतर, नाहीतर जाळीतून नाक चावतात. दोन आठवडे एकमेकांचे ट्रे बदलत राहा, खाणं दोघांना मधल्या जाळीपाशी द्या. मग दोघांपैकी कुणाचीही नसलेली जागा निवडा आणि १० ते १५ मिनिटं एकत्र सोडा, हातात जाड मोजे घालून. एकमेकांवर चढणं, थोडा पाठलाग, हे क्रम ठरवण्यासाठी असतं, चालू द्या. शेपटी ताठ, कान मागे आणि दोघे एकमेकांभोवती चक्राकार फिरायला लागले, की त्याच क्षणी मध्ये हात घाला. रोज वेळ वाढवत न्या. एकाने डोकं खाली घालून दुसऱ्याकडून चाटून घेतलं आणि दोघे शेजारी पसरले, तर जमलं. कधी चार दिवसांत होतं, कधी दोन महिने लागतात. नर-मादीची नसबंदी झालेली जोडी सहसा सर्वांत लवकर जुळते.

गावाला जाताना

घर बंद करून दोन दिवसांसाठी पाणी-गवत ठेवून जाता येत नाही, दहा-बारा तासांचं गणित वर सांगितलं आहे. सशाला त्याच्या जागीच ठेवा आणि रोज दोनदा येणारं माणूस शोधा. फ्रिजवर कागद लावा: गोळ्या किती ग्रॅम (रोजच्या पुड्या आधीच बांधून), कोणता पाला, डॉक्टरांचा फोन, जवळच्या दुसऱ्या डॉक्टरांचा फोन, आणि ट्रे साधारण किती भरतो त्याचा एक फोटो. त्याखाली मोठ्या अक्षरांत एकच ओळ: ‘सकाळी ट्रे रिकामा दिसला तर मला फोन करू नकोस, आधी डॉक्टरकडे निघ, फोन रिक्षातून कर.’